वाळवंटाच्या उंबरठ्यावरचे तेल

रमजानचा शेवटचा आठवडा सुरू झाला की गावोगावच्या बाजारांत अत्तर, सुरमा आणि मेंदीच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. अलीकडे या दुकानांत आणखी एक नाव दिसू लागले आहे: अर्गन. शाम्पूवर, केसांच्या तेलावर, चेहऱ्याच्या क्रीमवर हे नाव ठळक छापलेले असते आणि त्याच्या जोडीला ‘मोरोक्को’ हा शब्द असतो. मात्र हे तेल ज्या कोरड्या मुलखातून येते तिथली माणसे आपली त्वचा आणि केस कसे सांभाळतात, आणि त्या मुलखावर सध्या काय वेळ आली आहे, याचा बाटलीवर पत्ता नसतो.

मोरोक्को हा आफ्रिकेच्या वायव्य टोकाचा देश. एका बाजूला अटलांटिक महासागर, मध्ये अ‍ॅटलस पर्वताच्या रांगा आणि पलीकडे सहारा. देशाच्या नैर्ऋत्य भागात अगादीर आणि एसाविरा या शहरांच्या आसपास अर्गनची झाडे वाढतात. खोड वाकडेतिकडे, फांद्या काटेरी, मुळे खोल. या मुळांनी माती धरून ठेवली म्हणून वाळवंटाला इकडे सरकणे जड गेले. फळे खायला शेळ्या चक्क झाडावर चढतात. ती छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात अर्गन आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातला. विदर्भातल्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल जसे घरात वापरले जाते, तसेच तिथल्या अमाझिग म्हणजे बर्बर घरांत अर्गनचे.

तेल काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे. वाळलेल्या फळाचा गर काढायचा, आतली टणक बी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडायची, तिच्यातले इवलेसे दाणे वेचायचे आणि दगडी जात्यावर दळायचे. मग त्या लगद्यात थोडे पाणी घालून तेल सुटेपर्यंत हाताने मळायचे. एक लिटर तेलासाठी साधारण ३० ते ४० किलो फळे लागतात. खाण्याच्या तेलासाठी दाणे भाजतात, अंगाला लावायच्या तेलासाठी कच्चेच दळतात. उरलेली पेंड जनावरांना, टरफले चुलीला. काहीच वाया जात नाही.

कोरड्या हवेत त्वचेचे नेमके काय होते? त्वचेचा सर्वांत वरचा थर एखाद्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. हवेत दमटपणा कमी असला की त्वचेतले पाणी सतत उडून जाते. त्यात कडक पाणी आणि साबणाचा मारा झाला की चुनाही धुऊन जातो. मग खाज, भेगा, पांढरट पापुद्रे. तेल त्वचेला पाणी देत नाही. असलेले पाणी अडवून ठेवते. त्यामुळे कोरड्या अंगावर भरपूर तेल चोपडण्यापेक्षा ओलसर अंगावर थोडे तेल लावणे अधिक गुणकारी.

मोरोक्कोतील हमाम याच क्रमाने चालतो. हमामखाना हा शब्द मराठी वाचकाला किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या वर्णनातून ठाऊक आहे. मोरोक्कोत तो आजही मोहल्ल्याचा सार्वजनिक स्नानगृह आहे. आधी वाफेत बसून त्वचा मऊ होऊ द्यायची. मग ऑलिव्हपासून बनवलेला मऊ, काळपट साबण अंगाला लावायचा आणि खरखरीत हातमोज्याने मळ काढायचा. केसांना आणि अंगाला ‘घासूल’ नावाची माती लावून धुवायची आणि शेवटी, अंग ओलसर असतानाच, अर्गनचे किंवा ऑलिव्हचे तेल. घासूल ही अ‍ॅटलसच्या परिसरातल्या खाणींतून निघणारी, मॅग्नेशियम भरपूर असलेली माती. तिचे नाव धुण्याच्या अरबी धातूवरून आले आहे. ‘गुस्ल’ आणि आपल्या जुन्या मराठीतला ‘गुसलखाना’ त्याच धातूचे. आपल्याकडची मुलतानी माती हे याच कामाचे दुसरे रूप.

ही सगळी सरबराई रोज होत नाही. मोरोक्कोत अनेक कुटुंबे आठवड्यातून एकदा हमामात जातात. रोजची काळजी त्याहून साधी: डोके कपड्याने झाकणे, दुपारच्या उन्हात सावली धरणे, केस वारंवार न धुणे. पाणी जपून वापरण्याची शिकवण तर धर्मातही आहे. नमाजपूर्वीच्या वुजूत पाण्याची उधळपट्टी नको असे सांगितलेले आहे, आणि पाणी मिळतच नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवण्याची, म्हणजे तयम्मुमची, मुभा आहे. कोरड्या मुलखातल्या माणसाला या मुभेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

रमजानपूर्वी आणि ईदच्या आदल्या दिवसांत मोरोक्कोतील हमाम गजबजतात. सत्ताविसाव्या रात्री, पहिला रोजा ठेवणाऱ्या मुलामुलींना नवे कपडे घालून त्यांचे कौतुक केले जाते, मुलींच्या हातांवर मेंदी काढली जाते. पण या रीतीवर दुष्काळाची सावली पडली. लागोपाठ अनेक वर्षे पाऊस ओढ देत राहिला आणि २०२४च्या सुरुवातीला पाणी वाचवण्यासाठी अनेक शहरांतील हमाम आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवण्याचे आदेश निघाले. ज्यांच्या घरी नीट न्हाणीघर नाही आणि ज्यांचे पोट हमामातल्या मजुरीवर आहे, अशा दोघांनाही त्याची झळ बसली. पुढच्या वर्षी मेंढ्यांची संख्या इतकी घटली की राजे मोहम्मद सहावे यांनी, बकरी ईदला कुर्बानी करू नये, असे देशवासीयांना आवाहन केले.

अर्गनच्या झाडांचे काय? या प्रदेशाचा २५ लाख हेक्टरांहून अधिक टापू १९९८ साली युनेस्कोने संरक्षित जीवावरण क्षेत्र म्हणून जाहीर केला. २०१४ साली अर्गनशी निगडित कौशल्यांना सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. १० मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी अर्गनचा दिवस ठरवला. रबातच्या मोहम्मद पाचवे विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ झुबैदा शरूफ यांनी या तेलाचा अभ्यास तर केलाच, शिवाय १९९६ साली तमनार येथे विधवा आणि घटस्फोटित बायकांची सहकारी संस्था उभी केली. तिचे नाव ‘अमल’. उर्दूत ‘अमल’ म्हटले की कृती आठवते. हा अरबी ‘अमल’ मात्र वेगळ्या अक्षरांनी लिहिला जातो आणि त्याचा अर्थ आहे आशा.

ही आशा काही अंशी खरी ठरली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तेलाचे भाव वाढल्यावर काही कुटुंबांची परिस्थिती सुधारली आणि अधिक मुली माध्यमिक शाळेत जाऊ लागल्या. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की, आलेल्या पैशातून लोकांनी शेळ्या वाढवल्या, फळांसाठी झाडांना झोडपणे वाढले आणि जंगलाला त्या भरभराटीचा फायदा झाला नाही. बाजाराने तेलाला किंमत दिली, तरी झाडाच्या वाट्याला ओरबाडणेच आले.

आपल्याकडे मराठवाडा आणि विदर्भातला उन्हाळा याच जातीचा कोरडा. रोजाच्या दिवसांत पाणी इफ्तारपासून सहरपर्यंतच पिता येते, त्यामुळे ओठ फुटणे, टाचा भेगाळणे हे अनेकांना ओळखीचे आहे. त्यावर अर्गनच हवे असे नाही. इफ्तारनंतर थोडे-थोडे पाणी पीत राहावे. आंघोळ कोमट पाण्याने आणि आटोपशीर असावी. अंग टिपून, ते ओलसर असतानाच तिळाचे किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. त्वचेला तेल लावल्याने रोजा तुटत नाही. मुलतानी माती आठवड्यातून एकदा पुरे, आणि ती चेहऱ्यावर तडकेपर्यंत ठेवू नये. ती त्वचेतले तेल शोषून घेते.

ईदच्या खरेदीत दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी ते तांबूस-तपकिरी असतो. तासाभरात गडद काळा रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा केस रंगवण्याचे रसायन असते, त्याने फोड येऊ शकतात. काही सुरम्यांत शिसे असते, म्हणून लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालू नये.

आणि अर्गनची बाटली घ्यायचीच असेल, तर मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी. जे जास्त, ते यादीत आधी लिहिलेले असते. अर्गनचे नाव सुगंधाच्याही खाली, अगदी तळाशी असेल, तर पैसे नावाचे जात आहेत. ते पहिले किंवा एकटेच असेल, तर महागडे असले तरी खरे. ते हातावर घेताना तीन-चार थेंबच घ्यावेत. त्वचेला तेवढे पुरतात आणि ज्या बाईने एकेक बी दगडावर फोडली, तिच्या मेहनतीचा मानही राहतो.