सड्यावरचा विणीचा हंगाम

हिवाळ्यात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन येणाऱ्याला पक्ष्यांची वाण पडत नाही. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर चिखल्यांचे थवे पांगतात, लाटेच्या मागेपुढे सँडरलिंगची धावाधाव सुरू होते, वर कुरव आणि सुरय. प्रणय मात्र इथे शोधून सापडायचा नाही, कारण ही मंडळी आलेली असतात खायला. सँडरलिंग अंडी घालतो थेट आर्क्टिकच्या टुंड्रात. चिखल्यांतले बरेचसे मध्य आशिया आणि सायबेरियातले. त्यांच्या विणीची चाहूल तेवढी इथे लागते. मार्च-एप्रिलमध्ये, निघण्याआधी, कुरवांची डोकी गडद होतात आणि करड्या चिखल्यांच्या छातीवर तांबूस रंग चढतो.

म्हणून किनारपक्ष्यांचं प्रियाराधन टिपायचं असेल, तर समुद्राकडे पाठ करून वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर जावं. टिटवी चिखल्यांच्याच कुळातली. रत्नागिरीच्या जांभ्या कातळावर तिच्या दोन्ही जाती भेटतात: लाल गाठीची आपली नेहमीची, आणि पिवळ्या गाठीची माळटिटवी, जी भारतीय उपखंडाबाहेर वीण करत नाही. माळटिटवीची वीण मुख्यतः मार्च ते मे, पावसाच्या आत. तिच्या लाल गाठीच्या बहिणीची त्यापुढेही चालते.

कोकण किनाऱ्यावर पक्ष्यांचं प्रियाराधन पाहत बसण्याची परंपरा जुनी आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३० साली किहीमला सुगरणींची वसाहत पाहिली: नर अर्धं घरटं विणतो, मादी तपासते, पसंत पडलं तरच जोडी जमते, आणि मग नर दुसऱ्या घरट्याला लागतो. त्यांच्या हातात त्या वेळी आजच्यासारखी लेन्स नव्हती. एकच वसाहत दिवसेंदिवस पाहण्याची चिकाटी होती, आणि छायाचित्रकाराने त्यांच्याकडून घ्यायची तीच.

टिटवीचं पाहा. नर पिसं फुगवतो, चोच आभाळाकडे करतो आणि मादीभोवती खुरडत फिरतो. मग छाती जमिनीला टेकवून खड्यांमध्ये उथळ खळगी करतो. मीलन काही सेकंदांत आटोपतं. मादीच्या पाठीवर तोल सावरताना नर पंख उघडतो. तेव्हा पंखांतला काळा-पांढरा पट्टा उन्हात लखकन उजळतो. हा क्षण पकडायला शटर निदान १/१००० ठेवावं आणि उन्हाचा तांबूसपणा टिकवायचा तर व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर सोडू नये. पण नुसतं मीलन टिपलं तर चित्र अपुरं, असं माझं ठाम मत आहे. खळगी करतानाचं चित्र मला त्याहून मोलाचं वाटतं. त्यात जोडी, जागा आणि हेतू तिन्ही एकत्र दिसतात.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिथे संध्याकाळी पक्षी सूर्याच्या बाजूला असतो आणि हाती लागते काळी छायाकृती. पाण्याच्या बाजूला जाऊन उभं राहावं, तर थवा उडतो. सड्यावर चहूकडे मोकळं असतं. सूर्य पाठीशी घेऊन गोणपाटावर पालथं पडावं, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणावी. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. शेवटच्या अर्ध्या तासात कातळच तांबूस होतो, वाळकं गवत पेटल्यासारखं दिसतं आणि माळटिटवीची काळी टोपी, पिवळी गाठ स्पष्ट उठून येते.

खाली भातखाचरांत रंगीत पाणलाव्याचा खेळ उलटा: मादी भडक, तीच आराधना करते, अंडी उबवतो नर. तो संधिप्रकाशातच बाहेर पडतो, त्यामुळे छायाचित्रकाराची कसोटी.

अंडी घातली की कॅमेरा आवरावा. टिटवीची अंडी उघड्यावर, बहुधा चार, खड्यांत खडे होऊन पडलेली असतात. मेच्या उन्हात ती तापू नयेत म्हणून टिटव्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात. आपण जवळ बसलो, की टिटवी उठते आणि अंडी उन्हात पडतात. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तेव्हा ती समुद्राशी भांडली. सड्यावरच्या टिटवीला मात्र डोक्यावर ओरडत घिरट्या घालण्यापलीकडे काही करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना त्रास देणंही येतं, हे किती छायाचित्रकारांना ठाऊक असतं?

आणि सडा म्हणजे पडीक जमीन, हा समज अजून गेलेला नाही. चिऱ्यांच्या खाणी, बाहेरून माती आणून केलेल्या आंब्याच्या बागा, नवी बांधकामं, हे सगळं त्याच कातळावर येतं. तिथे खळगी करणाऱ्या जोडीचं तारीख-ठिकाणासह टिपलेलं छायाचित्र ‘ई-बर्ड’सारख्या नोंदवहीत गेलं, की त्या जागी वीण होते याचा पुरावा तयार होतो. मात्र घरट्याचा अचूक ठिकाणा जाहीर करू नये. गावाचं नाव पुरे.