आता आणखी खरं काय दाखवणार?

दोस्तांनो, गेल्या मार्चमधली गोष्ट. परीक्षा तोंडावर आलेली, वर्ग कंटाळलेला. म्हटलं, पोरांना जरा काहीतरी छान दाखवू या. म्हणून शाळेतल्या टीव्हीवर पाचवीच्या वर्गाला मी एक व्हिडिओ लावला. भंडारदऱ्याच्या बाजूचं रान, मिट्ट काळोख आणि एका झाडावर हजारो काजवे! सगळं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं, पुन्हा उजळायचं. जणू कुणी झाडाचं बटणच दाबतंय.

मला वाटलं, वर्ग आता ‘आहाऽऽ’ करणार. कसलं काय! शेवटच्या बाकावरचा आमचा एक पठ्ठ्या जांभई देत म्हणाला, “बाई, ग्राफिक्स आहे ते.”

“अरे, खरे काजवे आहेत!”

“नाही हो बाई. खरे असे एकदम कसे पेटतील? कॉम्प्युटरवर केलंय.”

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी समजावून सांगितलं. पाऊस यायच्या आधी, मे-जूनमध्ये, नर काजवे माद्यांना बोलावण्यासाठी असे चमकतात, वगैरे वगैरे. पण एकालाही पटल्याचं दिसलं नाही. आणि गंमत बघा, हीच मंडळी मधल्या सुट्टीत एका सिनेमातल्या राक्षसाबद्दल बोलत होती, “हॅ! ग्राफिक्स बेकार आहे.” म्हणजे खोटं दाखवलं तर बेकार, आणि खरं दाखवलं तर खोटं! घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. सिनेमातली नि गेममधली ही चित्रांची जादू आता अगदी टोकाला पोहोचली आहे का? आणखी खरं काय दाखवणार?

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी सगळ्यांना कंपासपेट्या काढायला लावल्या. तुम्हीही काढा. पाच सेंटिमीटर त्रिज्येचं एक वर्तुळ काढा. आता त्रिज्येएवढंच अंतर घेऊन वर्तुळावर खुणा करत जा. बरोब्बर सहा खुणा होतील. त्या पट्टीने जोडा. झाला षट्कोन! पण वर्तुळात आणि त्याच्यात केवढी फट राहते, बघा. मधोमध जवळजवळ सात मिलिमीटर. आता सहाच्या बारा बाजू करा. फट दोन मिलिमीटरच्याही आत. चोवीस बाजू केल्या की अर्ध्या मिलिमीटरहून कमी. आणि अठ्ठेचाळीस केल्या, तर ती तुमच्या पेन्सिलीच्या रेघेतच बुडून जाते. (आर्किमिडीज नावाचे गृहस्थ शहाण्णव बाजूंपर्यंत गेले होते. आमचा वर्ग चोवीसलाच दमला.)

सहाच्या बारा केल्यावर चित्र केवढं बदललं! अठ्ठेचाळीसच्या शहाण्णव केल्या, मेहनत दुप्पट झाली, पण बघणाऱ्याला पत्ताही नाही.

गेममधली माणसं, डोंगर, गाड्या अशाच बनतात. कॉम्प्युटर प्रत्येक वस्तू छोट्या छोट्या त्रिकोणांची बनवतो. १९७२ सालच्या ‘पाँग’ या गेममध्ये तर दोन दांड्या आणि एक ठिपका, एवढंच होतं. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये जागा वाचवायला ढगाचंच चित्र हिरवं करून झुडूप म्हणून वापरलं आहे. विश्वास नसेल तर नीट बघा! १९९६ च्या ‘टूम्ब रायडर’मधली लारा क्रॉफ्ट काहीशे त्रिकोणांची होती, हाताच्या कोपराला टोकं दिसायची. आता एकेका दृश्यात लाखो, कोट्यवधी त्रिकोण असतात. म्हणून नवा गेम आला की तुमचे दादा म्हणतात, “मागच्यासारखाच तर दिसतो!” बिचारे बनवणारे रात्रंदिवस खपलेले असतात, पण त्यांचा वाढवलेला त्रिकोण आता आपल्या डोळ्यांत मावत नाही.

मग काय, संपली जादू? आकाराच्या बाबतीत म्हणाल, तर मला वाटतं, हो. दगड, इमारत, मोटार हुबेहूब दाखवण्याचं शिखर जवळपास गाठून झालं आहे. पण जादू म्हणजे काही नुसता आकार नव्हे. त्यासाठी जरा मागे जाऊ.

आपल्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्याआधी त्यांनी काय केलं, सांगू? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभराहून जास्त दिवस त्या रोपाचे थोडे थोडे फोटो घेतले. ते भराभर दाखवल्यावर पडद्यावर रोप सरसर वाढलं! पैसे देणाऱ्यांना ते पाहूनच पटलं, की हा माणूस काहीतरी करून दाखवील. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. लोक भारावून गेले. आता दाखवलं तर तुम्ही म्हणाल, “नाग रबरी आहे!”

बरोबर आहे. प्रत्येक पिढीला आपल्या वेळचीच जादू शेवटची वाटते, आणि पुढच्या पिढीला तीच रबरी वाटते.

पण एक सिनेमा मात्र या नियमाला दाद देत नाही. १९९३ सालचा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जुरासिक पार्क’. १९९४ साली तो हिंदीत आपल्याकडे आला. माझ्या मोठ्या भावाने तो थिएटरात पाहिला आणि त्या रात्री घरातला दिवा बंद करू दिला नाही. मी पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, टीव्हीवर. आणि गेल्या वर्षी याच पाचवीच्या वर्गाने पाहिला. ग्राफिक्स, ग्राफिक्स करणारी ही पोरं चक्क बाकाखाली गेली!

आता आकडे ऐका. सिनेमा दोन तास सात मिनिटांचा. त्यात डायनासोर दिसतात साधारण पंधरा मिनिटं. आणि त्यातले कॉम्प्युटरवर बनवलेले जेमतेम पाच-सहा मिनिटं! बाकीचे स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यात बनवलेले, यंत्रावर हलणारे पुतळे. मोठा टी-रेक्स तर जवळजवळ चाळीस फूट लांब. त्याची कातडी स्पंजासारख्या रबराची. पावसाचं दृश्य घेताना ती पाणी पिऊन फुगली, वजन वाढलं आणि धूड थडथड कापायला लागलं. मग माणसं टॉवेल घेऊन डायनासोर पुसत बसली! डोळ्यांसमोर आणा बरं.

त्याचं ओरडणंही असंच. ते हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीच्या जातीचा प्राणी यांचे आवाज एकत्र करून तयार केलं होतं.

आणि टी-रेक्स दिसायच्या आधी काय दिसतं? मोटारीत ठेवलेल्या पेल्यातलं पाणी. त्यात गोल गोल तरंग. बस्स! तिथेच पोटात गोळा येतो. ते तरंग काही केल्या नीट उठेनात. शेवटी काय केलं, तर मोटारीत गिटारची तार बसवली आणि खाली लपलेल्या माणसाने ती छेडली. आमच्या शाळेत गिटार कुठली? भजनी मंडळाची वीणा मागून आणली, एकाने फुलपात्र धरलं, एकाने तार छेडली. तरंग सिनेमातल्यासारखे गोल आले नाहीत, पण पाणी थरथरलं तेव्हा सगळा वर्ग दाराकडे बघत होता!

म्हणजे कॉम्प्युटरचं काही महत्त्व नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इन्क.’मध्ये त्या निळ्या केसाळ सलीच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते. ते कोण हाताने हलवणार? २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’मधलं कृष्णविवर किप थॉर्न या शास्त्रज्ञांच्या समीकरणांवरून बनवलं. एका सेकंदाच्या सिनेमाला २४ चित्रं लागतात, आणि त्यातलं एकेक चित्र बनवायला कॉम्प्युटरला काही वेळा शंभर तास लागत होते. त्या कामातून शास्त्रज्ञांना शोधनिबंधही लिहिता आले. २०१९ साली खऱ्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

माणसाचा चेहरा मात्र अजून दगा देतो. १९९४ साली वारलेले नट पीटर कुशिंग २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये कॉम्प्युटरने पुन्हा उभे केले. सुरकुत्या बरोबर, केस बरोबर. तरी कितीतरी प्रेक्षकांना ते बघताना कसंतरीच झालं. तान्ही बाळंसुद्धा आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात ना? चेहरे वाचायचा आपला सराव तेव्हापासूनचा आहे. तिथे कॉम्प्युटरला एवढ्यात सूट मिळायची नाही.

आईबाबांनो, ही पुढची दोन वाक्यं तुमच्यासाठी. चार ओळी लिहिल्या की हवा तसा व्हिडिओ बनवून देणारी साधनं आली आहेत, त्यामुळे डोळ्यांना फसवायला आता मोठा स्टुडिओ लागत नाही. खोटं खरं वाटेल याची काळजी आपण करतोच, पण खरं समोर असताना मूल जांभई देतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तर आमचा तो पठ्ठ्या. मे महिन्याच्या सुट्टीत तो अकोले तालुक्यात मामाच्या गावाला गेला. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी प्रार्थनेआधीच माझ्यासमोर हजर.

“बाई, खरे आहेत हो ते!”

“कोण रे?”

“काजवे! मामाने रात्री नेलं होतं. टॉर्च बंद करायला लावली. आधी काहीच दिसेना. मग एकदम सगळं झाड...” पुढे त्याला शब्दच सापडेनात. “मी मोबाइलवर शूटिंग केलं, बाई. पण काही आलंच नाही. नुसतं काळं.”

मी म्हटलं, “मग वर्गाला तूच सांग.”

तो फळ्यापाशी उभा राहिला. मामाच्या मोबाइलमधून आणलेला काळाकुट्ट व्हिडिओ त्याने टीव्हीवर लावला, आणि त्याच्यासमोर दोन्ही हात वर करून मुठी मिटल्या. मग सगळी बोटं एकदम उघडली. मिटली. उघडली. “अस्सं,” तो म्हणाला, “अख्खं झाड. अस्सं.”

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “आवाज येतो का रे त्यांचा?”

“नाही ना! कायपण आवाज नाही.”