पात्यांचा कोन आणि हाताची बोटे

हेलिकॉप्टर वर कसे जाते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, 'पंखा जोरात फिरवला की.' तळहातावर मावणाऱ्या स्वस्त खेळण्यापुरते ते खरे आहे. त्याची पाती एका ठरावीक कोनात पक्की बसवलेली असतात. वेग वाढवला की ते वर जाते, कमी केला की खाली येते. पण हौशी लोक ज्याच्यावर बरीच रक्कम खर्च करतात, त्या रिमोटवर चालणाऱ्या मोठ्या मॉडेल हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी. तिथे पाती जवळपास एकाच वेगाने फिरत राहतात. बदलतो तो त्यांचा कोन. या कोनाला 'पिच' म्हणतात. (पिच म्हटले की आपल्याला वानखेडेची खेळपट्टी आठवते, पण तिचा इथे संबंध नाही.)

धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर तळहात आडवा धरल्याची कल्पना करा. हात सपाट असेल तर हवा त्याला कापून निघून जाते. पुढची कड किंचित उचलली की हात वर ढकलला जातो. या हेलिकॉप्टरची पाती वरून-खालून सारख्या आकाराची असतात. त्यामुळे कोन शून्य असेल तर ती कितीही वेगाने फिरली तरी हेलिकॉप्टर जमिनीवरच राहते. साधारण ५ ते ६ अंश कोन दिला की ते हवेत एका जागी तरंगते. कसरती करणारे लोक दोन्ही बाजूंना, म्हणजे अधिक आणि उणे, १० ते १२ अंशांपर्यंत कोन ठेवतात. नवशिक्याने उणे बाजूला दोन-तीन अंशांवरच थांबावे. आकडे लहान आहेत, म्हणूनच चूक महाग पडते. जिथे पाच अंशांवर सगळे वजन उचलले जाते, तिथे एका अंशाचा फरक हा जवळपास एक पंचमांश फरक असतो.

आता डॉक्टर या भानगडीत कशाला, असे कुणी विचारेल. कारण हा कोन पाहायला, मोजायला आणि दुरुस्त करायला माणसाला पात्यांच्या अगदी जवळ बोटे न्यावी लागतात.

मध्यम आकाराच्या, म्हणजे सव्वातीनशे मिलिमीटर लांब पाती असलेल्या मॉडेलचा रोटर मिनिटाला साधारण २५०० फेरे घेतो. त्या वेगाला पात्याचे टोक ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते. डोळ्यांना काही दिसले आणि हात हलला, यात आपल्याला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात रोटरचे दहा फेरे होतात. पाती दोन, म्हणजे वीस वार. 'पटकन हात मागे घेईन' या विचाराला इथे काहीच अर्थ नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका उद्यानात १९ वर्षांचा एक तरुण स्वतःचे मॉडेल हेलिकॉप्टर उडवताना डोक्याला पाते लागून दगावला. तो नवखा नव्हता.

म्हणून कोन लावण्याच्या कामातली पहिली पायरी पात्यांची नाहीच, मोटरची आहे. मोटरकडे जाणाऱ्या तीन वायर सोडवून ठेवा, किंवा मोटरचे छोटे दातेरी चाक मोठ्या चाकापासून दूर सरकवा. रिमोटवरचे 'थ्रॉटल होल्ड' बटण दाबले आहे, एवढ्यावर विसंबू नका. बटण चुकून सरकते, रिमोटमध्ये भलत्याच मॉडेलची सेटिंग निवडलेली असते. सुटी वायर मात्र कुणाच्या चुकीने जोडली जात नाही. आमच्याकडे यंत्राची दुरुस्ती करणारे कर्मचारी आधी प्लग उपसतात, तोच हा शहाणपणा.

मग हेलिकॉप्टर सपाट टेबलावर ठेवावे. आधी रिमोट सुरू करावा, नंतर हेलिकॉप्टरची बॅटरी जोडावी. आतला जायरो स्वतःच्या मनाने पाती हलवू नये म्हणून त्याला सेटिंगच्या अवस्थेत न्यावे. रिमोटची कोन बदलणारी काडी बरोबर मध्यावर आणली की तिन्ही सर्व्होंचे हात काटकोनात असायला हवेत. मधली गोल तबकडी, म्हणजे स्वॅशप्लेट, मुख्य दांड्याशी काटकोनात आणि पात्यांचा कोन शून्य हवा. पात्याला चिमट्यासारखा बसणारा पिच गेज मिळतो. डिजिटल असेल तर तो आधी रोटरच्या डोक्यावर धरून शून्य करून घ्यावा. हे शून्य चुकले की पुढचे सगळे आकडे तेवढेच चुकतात. रक्तदाबाच्या यंत्राचा काटा मुळातच दहावर उभा असेल तर रुग्णाला नसलेला आजार चिकटतो, तसेच हे.

शून्य येत नसेल तर पात्याकडे जाणारी बारीक कांडी अर्धा-अर्धा वेढा फिरवून लांबी कमी-जास्त करावी. रोटर हाताने अर्धा फेरा फिरवून दुसरे पाते त्याच जागी मोजावे. दोघांत फरक राहिला तर हेलिकॉप्टर थरथरते, आणि थरथरीने स्क्रू सैल होतात. शेवटी काडी पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन दोन्ही टोकांचे कोन पाहावेत. कुठे काही अडकत, घासत नाही ना, तेही. काडी वर नेल्यावर कोन अधिक होतो की उणे, हे आवर्जून तपासा. उलटे लागलेले हेलिकॉप्टर वर जाण्याऐवजी जमिनीत घुसते आणि पात्यांचे तुकडे उडतात.

मोटर जोडून पहिल्यांदा फिरवायचे ते उघड्यावर, किमान दहा मीटर दूर उभे राहून. समजलेले शून्य प्रत्यक्षात पाच अंश असेल, तर ते याच क्षणी कळते: काडी मध्यावर असतानाच हेलिकॉप्टर उडी घेते. चाळिशीनंतर गेजचे आकडे वाचायला चष्मा लागतोच, पण तो डोळ्यांचे संरक्षण करत नाही. वर्कशॉपमध्ये मिळतो तसा संरक्षक चष्मा घ्या. मुलांना आणि बघ्यांना तुमच्या मागे उभे करा, बाजूला नको.

तरीही लागलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, कॉफी पूड काही भरू नका. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर त्यातल्या पेशी मरतात. डोळ्यात काही घुसले असेल तर चोळू नका, ओढून काढू नका. वर कागदी कप उलटा धरून डोळा झाका आणि निघा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, ते सांगा.

आणि पाते कशाचे होते, हेही न विचारता सांगा. अनेक पाती कार्बन फायबरची असतात. त्याची बारीक कुसळे मांसात राहिली तर साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. जखम वरून भरते आणि नंतर पू होतो. डॉक्टरांना आधी कळले तर ते सोनोग्राफी करून पाहतात.