भुयारी निवाऱ्यांची पाहणी : छत, वाट आणि हवा

दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या ओस पडलेल्या भुयारी निवाऱ्यात उतरणारा अभ्यासक सामान्यतः प्रथम डोक्यावरील खडकाची जाडी मोजतो. ते स्वाभाविकच आहे. बाँबपासून रक्षण व्हावयाचे ते त्या जाडीनेच. परंतु अशा निवाऱ्यांतील दोन अत्यंत भीषण दुर्घटनांत छत शाबूतच राहिले होते. म्हणून पाहणीत दारे, जिने आणि वायुवीजन यांना छताहूनही अधिक महत्त्व द्यावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

इंग्लंडात खोल भुयारे खोदावीत की नाहीत, हाच मुळात वादाचा विषय होता. दूषित हवेचे परिणाम स्वतःच्या देहावर अजमावून पाहणारे आणि १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३८ साली अशा भुयारांचा आग्रह धरला. पंजाब व संयुक्त प्रांताचे माजी गव्हर्नर लॉर्ड हेली यांच्या अध्यक्षतेखालील परिषदेने १९३९ साली प्रतिकूल मत दिले. खर्च व वेळ ही कारणे होतीच. शिवाय लोक भुयारातच ठाण मांडून बसतील आणि कामावर परतणार नाहीत, अशी धास्तीही सरकारी वर्तुळात होती. (लोकांविषयीचा हा अविश्वास पुढील अनुभवाने फारसा खरा ठरला नाही.)

केंट परगण्यातील रॅम्सगेट हे समुद्रकाठचे गाव या धोरणास अपवाद ठरले. नगराध्यक्ष केम्प आणि नगरपालिकेचे अभियंते ब्रिमेल यांनी चिकाटीने परवानगी मिळवून १९३९ साली तेथील खडूच्या मऊ खडकात सुमारे तीन मैलांचे भुयार खोदविले व ते रेल्वेच्या एका बंद पडलेल्या बोगद्यास जोडले. २४ ऑगस्ट १९४० रोजी काही मिनिटांत गावावर सुमारे ५०० बाँब पडले. मृतांचा आकडा ३१ वर थांबला. याचे श्रेय खडकाच्या जाडीस दिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु या भुयारास गावभर ठिकठिकाणी प्रवेशद्वारे होती. ती नसती तर इतक्या अल्प अवधीत लोक त्या खडकाखाली पोचतेच ना. युद्धानंतर बंद केलेल्या या भुयाराचा काही भाग २०१४ पासून पाहण्यास खुला झाला.

आता हवेचा हिशेब पाहू. स्वस्थ बसलेला माणूस ताशी सुमारे १५ ते २० लिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. १०० मीटर लांब, २ मीटर रुंद व तितक्याच उंच भुयारात ४०० घनमीटर हवा मावते. तेथे २०० माणसे बसली आणि हवा खेळती नसली, तर दर तासास या वायूचे प्रमाण जवळजवळ एक टक्क्याने वाढेल. तीन टक्क्यांच्या सुमारास धाप लागते, डोके दुखू लागते. सात ते दहा टक्क्यांच्या दरम्यान शुद्ध हरपते. माणसे तिप्पट झाली की अवधी एकतृतीयांश होतो. चीनमधील चुंगकिंग येथे ५ जून १९४१ च्या रात्री हल्ला पाच तासांहून अधिक चालला. मोठ्या सार्वजनिक भुयारात क्षमतेबाहेर माणसे शिरली होती व वायुवीजन अपुरे होते. गुदमरून आणि दाराशी चेंगरून जे मेले, त्यांची संख्या सरकारी चौकशीत हजाराच्या घरात भरली. इतर अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत.

लंडनमधील बेथनल ग्रीन या अपुऱ्या बांधलेल्या भुयारी स्थानकात ३ मार्च १९४३ रोजी १७३ माणसे मेली. त्यांत ६२ मुले होती. बाँब पडलाच नव्हता. जवळच्या नव्या विमानवेधी अग्निबाणांच्या आवाजाने गर्दी दचकली आणि एकमेव जिन्यावर कोसळली. जिन्याच्या मधोमध कठडा नव्हता, दिवाही मिणमिणता होता. प्रवेशद्वार सुधारण्याची नगरपालिकेची सूचना १९४१ सालीच नाकारण्यात आली होती.

आज अशा भुयारात शिरणाऱ्यासही हवेचाच धोका पहिला. तोंडे बुजल्यामुळे सखल भागांत प्राणवायू कमी व कार्बन डाय-ऑक्साइड अधिक साचलेला असू शकतो. मेणबत्तीवर विसंबू नये. ज्योत जळत असतानाही हवा घातक असू शकते. वायुमापक यंत्राने जमिनीलगत व डोक्याच्या उंचीवर, दोन्हीकडे मोजणी करावी. एकट्याने उतरू नये, आणि मालकाच्या परवानगीवाचून तर नाहीच. पुढे नोंदी घ्यावयाच्या त्या वाटेच्या सर्वांत अरुंद जागेच्या. लाकूड कुजून गेले तरी चौकटीवर बिजागऱ्यांच्या खुणा राहतात. त्यांवरून दार आत उघडे की बाहेर, हे ठरविता येते. भिंतीतील बाकांच्या खिळ्यांची भोके मोजली की बसण्याच्या जागा कळतात आणि बाकांमध्ये चालण्यास किती वाट उरत होती तेही कळते. हा आकडा जुन्या कागदपत्रांत नोंदलेल्या क्षमतेशी ताडून पाहावा. तफावत आढळल्यास आराखड्यावर तीच प्रथम मांडावी.