घरच्या कॉम्प्युटरवर मराठी फायरफॉक्स

भोंगवलीकरांनो, घरच्या कॉम्प्युटरवर क्रोमऐवजी फायरफॉक्स एकदा वापरून बघाच. मोझिलाचा हा ब्राउझर 2004 पासून फुकट मिळतो, त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे आणि मेनूसकट तो मराठीत वापरता येतो. घरातल्या आई-आजीसाठी मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

सातबारा, वीजबिलाच्या साइट बुकमार्क केल्या असतील तर 'इम्पोर्ट' करून त्या जशाच्या तशा आणता येतात. पासवर्ड मात्र जपून आणा. क्रोममधून पासवर्ड 'एक्सपोर्ट' केल्यावर तयार होणारी सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, प्रत्येक पासवर्ड सरळ वाचता येतो! म्हणून फायरफॉक्समध्ये घेतल्याबरोबर ती डिलीट करा, रिसायकल बिनसुद्धा रिकामं करा. सवय होईपर्यंत दोन्ही ब्राउझर राहू द्या.