कापूस उचलल्यावरची खोली

पहाटे 5.30
एप्रिलात बाभुळगावात मिक्सिंगला बसायची खरी वेळ हीच. कूलर बंद ठेवता येतो, धामणगाव रस्त्यावर गाड्या तुरळक असतात आणि रात्रभर विसावलेला कान चुकत नाही. रात्री झकास वाटलेलं गाणं आता लावलं, तर दुसऱ्या कडव्यात गिटारचा नुसता गलका. ‘पऱ्हाटी’ (आमच्याकडची कपाशी) हा शब्द, ज्यावर अख्खं कडवं उभं आहे, तो त्यात बुडालाय.

6.15
कारण याच खोलीत आहे. आमच्याकडे वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. जानेवारीत या दहा बाय दहाच्या खोलीत छातीएवढा ढीग होता. त्याच्यासमोर उभं राहून मी गायलो. आवाज भिंतीवरून परतायचाच नाही. कापूस तो पिऊन टाकायचा. मार्चमध्ये कापूस जिनिंगला गेला आणि रिकाम्या खोलीत मी गिटार वाजवली. अँपपुढच्या माइकमध्ये चारही भिंती शिरल्या. एकाच गाण्यात आता दोन खोल्या आहेत.

7.00
सगळे फेडर खाली घेतले. आधी ड्रम, मग बास, मग आवाज, सगळ्यात शेवटी गिटार. कुठलाही इफेक्ट न लावता नुसत्या पातळ्या जुळवल्या तरी निम्मं गाणं सुधारतं. मग गिटारचा 90 हर्ट्झखालचा भाग काढला. ती जागा बासची आणि किक ड्रमची. 250 हर्ट्झच्या आसपास 3 डेसिबल उतरवले, गढूळपणा कमी झाला. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराचसा ठसठशीतपणा 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये असतो. डिस्टॉर्शनची गिटार नेमकी तिथेच ठाण मांडते. तिला 3 किलोहर्ट्झला 2 डेसिबल दाबलं, एक गिटार डावीकडे, दुसरी उजवीकडे सारली आणि मधली वाट आवाजाला मोकळी करून दिली. एकटी ऐकली तर गिटार आता किरकोळ वाटते. पण ती एकटी कोण ऐकणार आहे?

9.00
बासचा खालचा ए घुमतोय. हात लगेच इक्वलायझरकडे गेला, पण थांबलो. तो सूर 55 हर्ट्झचा. दहा फुटांवर समोरासमोर असलेल्या भिंतींमध्ये जी लाट उभी राहते, ती साधारण 56 हर्ट्झची. लांबी-रुंदी सारखी, म्हणून जोर आणखी वाढतो. हेडफोनवर ऐकलं, सूर एकसारखा. घुमतेय ती खोली. बासला हात लावला नाही.

11.00
आवाज अगदी हळू केला. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की आवाज लहान असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून मोठ्यानं लावलेलं गाणं भरदार वाटतं आणि आपण फसतो. अभंगांना बास-ड्रमची जोड देणाऱ्या ‘अभंग रीपोस्ट’चं एक गाणं तेवढ्याच आवाजात शेजारी लावलं. त्यांच्याकडे वाद्यांची दाटी असूनही शब्द पुढे असतात. माझे अजून मागेच.

दुपारी 1.00
लाइन गेली. कानांना सक्तीची सुट्टी.

4.00
मोबाइलवर आईला ऐकवलं. मोबाइलच्या स्पीकरमध्ये खर्ज निघत नाही, म्हणून बासला किंचित डिस्टॉर्शन देऊन त्याचे वरचे स्वर उठवले होते. बास ऐकू आला. आई म्हणाली, “पयलं कडवं समजलं. दुसऱ्यात शब्दच कयत नाई बावा.”

तिथे दोन्ही गिटार पूर्ण भरात येतात. सकाळपासून मी त्यांचा रंग बदलत होतो. पण भिंतीवरून आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की इक्वलायझर त्याला वेगळा काढू शकत नाही. गिटार पुन्हा वाजवायला हवी.

6.00
घरातल्या कापसाच्या चार गाद्या अँपभोवती उभ्या केल्या, भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीला लागून हवा फारशी हलत नाही; थोडं अंतर ठेवलं की तीच गादी जास्त आवाज शोषते. माइक अँपच्या तोंडाशी नेला. पंखा बंद. लॅपटॉपचा चार्जर काढला, त्यासरशी 50 हर्ट्झची घरघर गेली. घामानं बोटं तारांवरून घसरत होती. तिसऱ्यांदा वाजवली ती ठेवली.

रात्री 9.00
नवी गिटार जागेवर बसवली आणि सकाळचे निम्मे काप काढून टाकले. त्यांची गरजच उरली नाही. गिटारचा भरीवपणाही परत आला. मिक्सिंगला बसून जे दिवसभर साधलं नाही, ते चार गाद्यांनी करून दिलं. यापुढे रेकॉर्डिंगची तारीख कापूस उचलायच्या आधीची धरायची.

मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून आलो. दुसरं कडवं संपायच्या आत आतून आवाज आला, “पऱ्हाटी म्हनतं काय तू तिथं?”