स्क्रूला आधी वाट करून द्या

श्रोतेहो, आज बोलायचे आहे ते एका अगदी लहानशा वस्तूविषयी. दाराच्या बिजागरीत, शाळेच्या बाकात, खुर्चीच्या पायात ती मुकाट्याने बसलेली असते. जुने लोक तिला मळसूत्री खिळा म्हणत. आपण सगळे स्क्रू म्हणतो. आता तुम्ही म्हणाल, स्क्रूत सांगण्यासारखे ते काय आहे? लाकडावर टेकवायचा आणि पिळायचा, झाले! मीही असेच समजत होतो. त्या समजुतीपायी माझी चांगली फजिती झाली. तीच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो होतो. शाळेला थोडी पुस्तके द्यायची होती. म्हटले, त्यांची मांडणीही आपणच करावी. सागाच्या फळ्या होत्या, स्क्रू होते. भोके पाडण्यात वेळ कशाला घालवायचा, म्हणून मी स्क्रू नुसते जोर लावून पिळले. जो हलेना त्याला हातोडीचे दोन ठोके दिले. दोन ठिकाणी फळीच्या टोकाशी केसासारखी चीर पडली, ती रंगाखाली झाकली. दोन महिन्यांनी वरचा खण पुस्तकांसकट खाली आला. मधली सुटी होती, मुले अंगणात खेळत होती, म्हणून निभावले. दुरुस्तीला आलेल्या सुतारकाकांनी ती फाटलेली फळी हातात घेतली आणि एवढेच म्हणाले, "सर, लोखंड आत जायचं तर लाकडात जागा नको का? तुम्ही जागा ठेवलीच नाही. मग ते फाटणारच."

माझ्या एम.ए.च्या अभ्यासात न सापडलेले शास्त्र या तीन वाक्यांत आले. ते जरा उलगडून पाहू.

लाकूड म्हणजे एका परीने कडब्याची पेंढी. लांब लांब तंतू एकमेकांना चिकटून उभे असतात. पेंढी मधून तोडायला जोर लागतो, पण ताटे एकमेकांपासून बाजूला करायला फारसा लागत नाही. लाकडाचेही तसेच. आता स्क्रू पाहा. वर डोके, त्याखाली गुळगुळीत दांडा आणि पुढे आटे. हे आटे ज्याच्याभोवती गुंडाळलेले दिसतात तो मधला भाग म्हणजे स्क्रूचा गाभा. पकड असते ती आट्यांची. ते बाजूच्या तंतूंत शिरून त्यांना धरून ठेवतात. गाभा काही धरत नाही, तो फक्त जागा अडवतो. त्याला वाट नसली की तो पाचरीसारखा तंतूंना दोन्हीकडे रेटतो. फळीच्या टोकाशी रेटा सोसायला पलीकडे लाकूडच उरलेले नसते, म्हणून चीर तिथेच पडते. आणि चीर पडली की आट्यांनी धरायचे कशाला?

तेव्हा नियम सोपा आहे: जिथे गाभा येणार तिथले लाकूड काढून टाका, जिथे आटे येणार तिथले राखा. भोक पाडल्याने पकड ढिली होते ही समजूत चुकीची. बेताचे भोक पकड वाढवते.

मग स्क्रूला टोक कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पूर्वी लाकडाच्या स्क्रूला टोक नसेच. तो पुढून बोथट असे, म्हणून सुताराला गिरमिटाने आधी भोक पाडल्यावाचून गत्यंतर नव्हते. अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी १८४६ साली अणकुचीदार स्क्रूचे पेटंट घेतले आणि पुढे तोच सगळीकडे रूढ झाला. टोकामुळे स्क्रूची सुरुवात सोपी झाली, एवढेच. आपण मात्र ती भोक न पाडण्याची परवानगी समजलो! हल्ली टोकाशी खाच असलेले, लाकूड कापत जाणारे स्क्रूही मिळतात. मऊ लाकडात ते चालून जातात. पण कठीण लाकडात आणि फळीच्या कडेला त्यांनाही वाट करून दिलेली बरी.

भोक केवढे पाडावे? अमेरिकेच्या शेती खात्याच्या लाकूडविषयक ग्रंथात याचे प्रमाण दिले आहे: मऊ लाकडात गाभ्याच्या जाडीच्या सुमारे ७० टक्के, कठीण लाकडात सुमारे ९० टक्के. नेहमीच्या वापरातला ८ नंबरचा स्क्रू घ्या. त्याचा दांडा सुमारे ४.२ मिलिमीटर असतो. त्याला खोक्याच्या मऊ लाकडात २ मिलिमीटरचे भोक पुरते, सागात साधारण अडीचचे, आणि बाभळीसारख्या चिवट लाकडात त्याहून किंचित मोठे. हे आकडे लक्षात राहिले नाहीत तरी हरकत नाही. ड्रिलचे पाते स्क्रूच्या पुढे आडवे न धरता त्याला समांतर धरा आणि डोळ्यासमोर न्या. गाभा पात्याआड झाकला जावा आणि दोन्ही बाजूंनी आटे डोकावत राहावेत. आटेही दिसेनासे झाले, तर पाते जाड आहे असे समजा.

पण हे झाले खालच्या लाकडाचे. एक फळी दुसरीवर बसवायची असते तेव्हा वरच्या फळीतले भोक वेगळे हवे. ते दांड्यापेक्षा मोकळे, म्हणजे ८ नंबरला साडेचार मिलिमीटर. का, ते पाहा. वरच्या फळीतही आटे रुतले, तर स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्याला दोन्ही फळ्या सारख्याच सरकतात आणि त्यांच्यात राहिलेली फट तशीच राहते. कितीही पिळा, ती मिटत नाही. वरचे भोक मोकळे असले की आटे खालच्या फळीला वर ओढतात, डोके वरचीला खाली दाबते, आणि सांधा घट्ट बसतो.

राहिले डोके. चपट्या डोक्याच्या स्क्रूची खालची बाजू शंकूसारखी निमुळती असते. तिच्यासाठी भोकाच्या तोंडाशी तसाच खळगा करावा लागतो. कारखान्यात याला काउंटरसिंक म्हणतात. खळगा नसेल तर ते डोकेही पाचरच होते. शिवाय ते वर राहिले तर बिजागरीची पाने मिटत नाहीत, दार ओढ घेते. बाकावर राहिले तर मुलांचे कपडे फाटतात, हात खरचटतात. खळगा फार खोल झाला, तर डोक्याखाली दाबायला लाकूडच उरत नाही. म्हणून मधूनमधून स्क्रूचे डोके उलटे धरून खळग्यात बसवून पाहावे.

कामाचा क्रम असा ठेवा. दोन्ही फळ्या जागेवर घट्ट धरून बारीक पात्याने एकदमच भोक पाडा, म्हणजे ती समोरासमोर येतील. खोली चुकू नये म्हणून पात्याला कागदाची पट्टी चिकटवा. मग वरच्या फळीतले भोक मोठे करा आणि शेवटी खळगा. कठीण लाकडात आट्यांना मेण लावा. स्क्रू सहज जातो आणि पकड कमी होत नाही. साबण लावू नये, तो ओल धरतो आणि गंज आणतो. पितळी स्क्रू नरम असतो, मान मुरगळून तुटतो. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून काढावा, मग पितळी बसवावा. आणि बॅटरीचे यंत्र हाती असेल तर शेवटचे दोन फेरे हाताने द्या. हाताला जोर कळतो, यंत्राला कळत नाही.

लोखंडात तर हा नियम अधिकच कडक. लाकूड थोडे दबते तरी. पोलाद दबत नाही. म्हणून तिथे आटेही आधीच पाडावे लागतात. ६ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूचे आटे १ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणून भोक ५ मिलिमीटरचे पाडतात आणि त्यात तेल देत टॅप फिरवतात. वरच्या पट्टीत मोकळे भोक ६.६ मिलिमीटरचे. खळग्याचा कोन डोक्याच्या कोनाइतकाच, म्हणजे ९० अंश. साध्या ड्रिलचे टोक ११८ अंशांचे असते. त्याने खळगा केला तर डोके फक्त आतल्या कडेवर टेकते आणि बाहेरून फट राहते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात एकाच फळीचे दोन तुकडे घ्या. टोकापासून बोटभर अंतरावर, एकात भोक पाडून आणि दुसऱ्यात तसाच, एकेक स्क्रू मुलांच्या देखत पिळा. कोणता तुकडा चिरतो, कोणत्याला जोर कमी लागतो, हे मुलेच सांगतील. तंतू, पाचर, घर्षण हे शब्द फळ्यावर नंतर लिहिले तरी चालतील.

त्या शाळेतली मांडणी सुतारकाकांनी पुन्हा उभी केली. फळ्या त्याच, नवी होती ती एकच उभी बाजू. या वेळी भोके मी पाडली आणि स्क्रू त्यांनी पिळले. अजून ती पुस्तके पेलून उभी आहे.